वादी

आठवड्याचे सहा दिवस पोलादी टोपणाचे बूट.
सोहारच्या रिफायनरीत सेफ्टीवाला मी,
गेटवर वाकून सगळ्यांचे पाय तपासतो.

शुक्रवारी रुस्ताकच्या पुढे, डोंगराच्या पोटात,
गाडी लावतो आणि मोजेही काढतो.

आमच्याकडे वादी चपलेची.
तुटली की माणूस एक पाय फरफटत घरी.
इथे वादी म्हणजे कोरडी नदी,
तिच्यात उतरायला चप्पलच नको.

पहिली शंभर पावलं नुसत्या शिव्या.
गोटे तापलेले. झाडाला समुर म्हणतात,
काटा मात्र बाभळीचाच.
मग हळूहळू टाचांना वाचता येतं:
ही शेळ्यांची वाट,
हा गाळ,
इथे मागच्या पुरानं कूस बदलली.

शेळ्यांमागून आलेला सुलैम थबकला.
"बूट चोरीला गेले?"
त्याचेही पाय उघडेच, भेगांत पांढरी धूळ.
काय सांगणार? मी फलजकडे बोट केलं.

दोघांनी पाय पाण्यात सोडले.
बोटभर मासे आले
आणि कुणाचे पाय हे न विचारता
मेलेली कातडी टोचू लागले.

शनिवारी गेटवर वाकलो,
तेव्हा बुटाच्या आत
माझी करंगळी
उगाच दचकली.