सतरा जानेवारीचा रकाना

वही माझ्याकडे असते.
चौकटीची, शाळेची, निळ्या पुठ्ठ्याची.
गणित शिकवते म्हणून गावानं ती माझ्या गळ्यात घातली,
नाहीतर आमच्या या बात्केनच्या डोंगरात
मोजायला मेंढ्या पुरतात.

वरच्या झऱ्यापासून खालच्या कुरणापर्यंत
बाराशे मीटर पाइप.
टोकाला उभी नळी, नळीला फवारा.
हिवाळाभर रात्री पाणी वर उडतं
आणि पडता पडता गोठतं,
थरावर थर, थरावर थर,
मार्चपर्यंत तीन मजली बर्फ.
मेमध्ये हिमनदी हात आखडता घेते
तेव्हा हाच मनोरा मेंढ्यांना पाजतो.
माझ्या लहानपणी हिमनदी शाळेच्या खिडकीतून दिसायची.
आता तिला भेटायला घोड्यावरून अर्धा दिवस.

पाइप कुणी दिला तेही लिहिलेलं आहे.
सायकालनं वासरू विकलं.
मेदेर आणि त्याच्या भावानं रशियातून पैसे धाडले,
दोन महिने उशिरा; उशीरही लिहिलाय.
म्हाताऱ्या तोक्तोसूनकडे द्यायला काही नव्हतं.
त्यानं चौदा हात चर खणला
आणि हातागणिक एक शिवी दिली.
शिव्या लिहिल्या नाहीत.

अशार म्हणतात आमच्यात याला:
बोलावणं आलं की फावडं घेऊन जायचं,
ज्याचं काम त्याच्याकडे जेवण.
पण हे काम कुणा एकाचं नव्हतं,
म्हणून पहिल्या दिवशी जेवण कुणीच आणलं नाही.

नियम एकच. पाणी थांबता कामा नये.
थांबलं की पाइपातच गोठतं.
म्हणून रात्रीला एक माणूस, एक टॉर्च,
सकाळी वहीत एक सही.

सतरा जानेवारीचा रकाना कोरा आहे.
उणे सव्वीस होतं.
उजाडलं तेव्हा तीनशे मीटर पाइप
शेंगेसारखा उललेला.

पाळी एर्मेकची.
सभा शाळेच्या व्यायामशाळेत,
बास्केटबॉलच्या कड्याखाली सगळे कोटासकट.
मूठ झाकलेली ठेवायची गावाला सवय;
एर्मेक कुणाचा मेहुणा, कुणाचा देणेकरी,
आणि माणूस चांगला.
मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
तो उठला.
मुलीचा श्वास अडकत होता, म्हणाला,
तालुक्याच्या दवाखान्यात पळालो.
जाताना एक दार वाजवलं.

कुणाचं?

तो फरशीवरच्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिला.

माझं.

ऐकल्या होत्या मी. तीन थापा.
आणि पांघरूण ओढत म्हटलं होतं, वारा असेल.
वारा मोजून तीन थापा मारत नाही
हे गणिताच्या बाईला कळायला हवं होतं.

सायकाल खाकरली. बाकी शांतता.
कोण कुणाला पाण्यात पाहणार,
पाणीच नव्हतं.
दंड ठरला: पन्नास मीटर पाइप, माझ्या पगारातून.
एर्मेकला काही नको, कुणीतरी म्हणालं.
तोक्तोसून काठी आपटून उठला:
का नको? दुसरं दार नव्हतं का गावात?
माझं होतं. मला झोप येत नाही, सगळ्यांना माहीत आहे.
मग एर्मेकलाही दहा मीटर.
त्यानं मान हलवली, जरा हलका झाल्यासारखी.

त्या वर्षी बर्फ दीड मजलाच चढला.
तेवीस मेला शेवटचा ओला डाग सुकला.
पुढच्या अकरा दिवसांत सायकालच्या सहा मेंढ्या गेल्या.
सहा. त्याच पानावर, माझ्याच अक्षरात.
तिनं मला काही म्हटलं नाही.
आजही दूध देते, मापात, काठोकाठ,
आणि डोळ्यांत बघत नाही.

यंदा वहीत दोन रकाने जास्त आहेत.
मथळे मला सुचेनात, सातवीच्या पोरांनी दिले:
वाजवलं का.
उघडलं का.

आज नोव्हेंबरची नववी रात्र.
वर उर्मात आहे, सतरा वर्षांचा,
फोनवर गाणी लावून नळीशी बसलेला.
मी बूट न काढताच आडवी झालेय.
मघाशी दार वाजलं.
उठून, उघडून, अंगणभर बघून आले.

वाराच होता.