आय आणि ओ सोडून

शंकरनगरच्या सिग्नलला ब्याण्णव सेकंद.
समोरच्या गाडीची पाटी: एमएच एकतीस, सीडब्ल्यू.
कायनेटिकचा ब्रेक दाबून, मान न वळवता आई म्हणायची,
"चल, सांग. आधी सी, मग डब्ल्यू. मधात कितीही अक्षरं."

मी कॉन्व्हेंटातली, डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेली.
म्हणाले, काऊ.
"काहून व, गाय घेऊन बसली? मोठा पाह्य नं."
आणि सदुसष्ट सेकंद बाकी असताना
तिनं पंधरा अक्षरं मांडली:
ॲक-नो-व-लेज-मेंट.

"आई, त्यातला डब्ल्यू कोणी बोलत नाही."
"नसेल बोलत. असते पण."

तिचं इंग्रजी तोंडातलं नव्हतंच.
महालातल्या टायपिंग क्लासात, सकाळी सहाच्या बॅचला,
बोटांवाटे आत गेलेलं.
सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर
पंचवीस वर्षं तिनं पोच दिली.
कोणाची जमीन, कोणाची पेन्शन, कोणाची बदलीची विनंती,
सगळ्यांना तोच शब्द,
पुढे शिक्का आणि बारीक सही: कुं. जगताप.

नियम तिचेच. अक्षरांचा क्रम उलटायचा नाही.
शेवटी एस लावून शब्द लांबवायचा नाही,
"ते म्हणजे दुधात पाणी."
हिरवा लागला की खेळ खलास.

बीव्हीला मी ॲब्रिव्हिएशन म्हटलं, बारा.
संक्षेपाचा शब्दच एवढा लांब,
यावर लॉ कॉलेज चौकापर्यंत हसत होती.
डीएक्सला तिनं मला हरवलं, पॅराडॉक्सिकलनं.
अर्थ विचारला तर म्हणे, अर्थ साहेबांना माहीत असते,
आपण फक्त चुकायचं नाही.

ईक्यूला, इन्कॉन्सिक्वेन्शियल.
हा मात्र तिला अर्थासकट येत होता.
तिच्याच अर्जाचं उत्तर
साहेबांनी तिलाच टाइप करायला दिलं होतं.
त्याचीही पोच तिनंच दिली.

मे महिन्यात दुपारचे सिग्नल बंद.
चौकात हिरवी जाळी टांगलेली, तिच्या सावलीत थांबायला कोणी नाही.
आम्ही सरळ घरी, बिनशब्दाच्या.

एकदा विचारलं, पाटीवर आय का नसतो? आणि ओ?
"एक अन् शून्यासोबत घोळ होते. म्हणून काढून टाकले."
मी नववीत. हुशारी दाखवायची घाई.
म्हटलं, म्हणजे इंग्रजीतला 'मी'च काढला.
"तू इंग्रजीतून ऐकून राहिली.
तुझ्या बाबाच्या गावी, साताऱ्याकडे, आय म्हणजे कोण?
अन् हाक आली तर काय देतात?"
तेवढ्यात हिरवा लागला.

आता कायनेटिक नाही. गाडी माझी, मागे ती.
डावा कान पुरता गेलाय. उजव्याचं मशीन
रस्त्यावर नुसतं घोंघावतं, म्हणून पर्समध्ये.
मी हाक मारते. ओ येत नाही.

मेट्रोच्या खांबाखाली लाल. एकशे दहा.
समोर कुठलीतरी पाटी. मी बोट दाखवते.
बराच वेळ काहीच नाही.
मग माझ्या पाठीवर तिची आठ बोटं येऊन बसतात,
एएसडीएफपासून सेमिकोलनपर्यंत, जागा न चुकता,
अंगठे मणक्यावर.
टक टक टक.
मी मोजते. अकरा. चौदा. परवा सतरा.
शब्द कोणता, ते मला कधीच कळत नाही.

आज ती मध्येच थांबली.
अंगठ्यानं एक मोकळी जागा सोडली.
मग वरच्या ओळीत, उजवं मधलं बोट, एकदा.
त्याच्या शेजारची अनामिका, एकदा.

मी पुन्हा पाटी पाहिली.
मागून हॉर्न सुरू झाले.
हिरवा कधीचा लागलेला.