संक्रांतीचं वाहन

चिंचोळीच्या शेडमध्ये मी फळ्यावर लिहिलं : संक्रमण.
डिझेलचे लोडर मार्चअखेर बंद,
पुढे बॅटरीवरचे.

मागच्या बाकावरून इरण्णा हत्तुरे म्हणाला,
"म्हंजे संक्रांतच की, मॅडम.
औंदा वाहन कुठलं, आन् तोंड कुणीकडं?"
सगळे हसले. मीही.
यादी पर्समध्ये होती. एकोणीस नावं.

तो इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवतो,
मूठ कानाशी,
आणि सांगतो कुठला टॅपेट खोटं बोलतोय.
एकतीस वर्षं आमची वॉरंटी त्या कानावर चालली.
माझ्या तक्त्यात कानाला रकाना नव्हता.

मे महिन्यातलं सोलापूर. पहिला नवा लोडर
दोन टन खडी उचलून निघाला
तर सावलीतलं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

इरण्णा जवळ गेला. सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.
बराच वेळ.
कानामागचा घाम कॉलरमध्ये उतरला.
"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"कन्नड न्हाई, तेलुगू न्हाई, मराठी बी न्हाई.
पर बोलतंय कायतरी.
बंद करू नका, थांबा."

मी थांबले.
पर्स काखेत, उन्हानं तापलेली.