स्टेपनी

गेथिन प्रॉसरच्या वर्कशॉपात भिंतीवर चाकं टांगलेली,
खाटकाकडे टांगतात तशी.
लानेथ्लीत, स्टेपनी स्ट्रीटपासून दोन गल्ल्या आत.
समुद्र दिसत नाही,
पण गंजाला पत्ता सापडतो.

मी सांगितलं : एमजी आहे, पासष्ट सालची, हिरवी.
रिव्हर्स टाकला की मागून टक् होतं.
तो म्हणाला, हबचे दाते झिजलेत, बाई,
चाक आणि गाडी एकमेकांचं ऐकेनाशी झालीत.
होतं असं, मी म्हणाले. पुढचं बोलले नाही.

मग खिशातून पान्हा काढून
तो एकेक आरा वाजवत गेला.
ताणलेला आरा किणकिणतो.
सैल पडलेला बद्द बोलतो,
चिरलेला कप बशीवर ठेवावा तसा.
बद्द, बद्द, किण्, बद्द.
साठ आरे, चार चाकं. मी मोजत उभी.

ते साठच्या साठ एम्लिन दर रविवारी घासायचा,
माझ्या जुन्या टूथब्रशने.
चॅपल सुटायचं, मटण ओव्हनमध्ये आक्रसायचं,
आणि हा गुडघ्यांखाली पोतं घेऊन
कुठेतरी तेविसाव्या आऱ्यापाशी.
छत्तीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात काढलेला माणूस,
चकाकणारं काही दिसलं की हात आपोआप जायचा.
मी? मी डावीकडे बसायचे, मांडीवर नकाशा.
किडवेलीपर्यंत. एकदा तेनबी.

भाचा ओशान म्हणतो, मावशी, अलॉय घे.
ट्यूब नको, घासणं नको, पाण्याचा पाइप मारला की झालं.
क्लबातले मिस्टर हॅवर्ड म्हणतात, क्रोम. बहात्तर आरे.
क्रोम बघून लोक थांबतात.
लोक थांबून काय करणार, ते हॅवर्ड सांगत नाहीत.
खरं तर मला साधी पत्र्याची आवडली होती,
बशीसारखी, एका फडक्यात पुसून होणारी.
पण त्यांच्यासाठी मागचा अख्खा ॲक्सल बदलायचा.
गेथिनने आकडा कागदावर लिहिला
आणि कागद पालथा करून माझ्याकडे सरकवला.

डिकीत काय आहे? त्याने विचारलं.
मी विसरलेच होते.
गालिच्याच्या तुकड्याखाली, पट्ट्याने आवळलेलं पाचवं,
कारखान्यातून आलं तेव्हापासून
रस्त्याला एकदाही न लागलेलं.
एम्लिन जपून चालवायचा. कुणावर वेळच आली नाही.
टायर चिरलेला, तो जाणारच.
गेथिनने पान्हा लावला.
किण्. किण्. किण्.
पूर्ण फेरी झाली, एकही बद्द नाही.
कोपऱ्यातल्या पोराने रेडिओ बारीक केला.

मी म्हटलं, चार नवी मागव. तारांचीच. रंगवलेली, क्रोम नको.
आणि हे पुढे लाव, उजवीकडे,
स्टिअरिंगच्या बाजूला.
नव्यातलं एक जाऊ दे डिकीत.
थांबायची सवय त्यालाही होऊ दे.

गुरुवारी बसवली. नवे हब, नवे दाते.
तांब्याचा हातोडा मीच मारला.
दोन कानांचा नट, त्यावर ओतलेला शब्द : सोडा.
शेजारी बाण,
चाक पुढे जाताना फिरतं त्याच दिशेला.
मग पुढे जाताना सुटणार नाही का हो हे?
उलट आहे, तो म्हणाला, चालता चालता आवळत जातं.
कपात आगपेटी फिरवून त्याने समजावलं.
समजलं नाही. पटलं.

रिव्हर्स टाकून बघितला. टक् नाही.
पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून पाठीशी उशी,
नकाशा डावीकडच्या सीटवर, घडीतच.
बर्री पोर्टच्या रस्त्याला खडी आहे,
पुढचं उजवं चाक ती पहिल्यांदा चाखतंय,
आणि हाताला, स्टिअरिंगमधून, कळतंय.

टूथब्रशचं काय, ते ठरलेलं नाही.
रविवारी बघू.