नळ येण्याआधी

आमच्या स्नेहलतागंजात पाणी येत नाही,
नळ येतात.
एक दिवसाआड, पहाटे पाच-चाळीसला.
आणि पाच-पस्तीसला मथुताई टेंभे
पितळी घागर तोटीखाली सरकवतात.

तीन वर्षांच्या नोंदी मी यंत्राला दिल्या.
त्यानं निमूट नियम काढला:
घागर ठेवल्यामुळे नळ येतात.

चूक दाखव, साहेब म्हणाले.
आधी आणि नंतर दोन्ही बरोबर होतं,
एकही मिनिट इकडचं तिकडे नव्हतं.
घागर ठेवली, मग नळ आले.
हा 'मग' लबाड आहे.
बोलतो वेळेचं, सुचवतो कारण.

मी नवी ओळ लिहिली:
घडलं (बद्रीलाल वाल्व उघडतो, चार-दहा).
त्याच्या अलीकडे टाकी,
टाकीच्या अलीकडे जलूदचे पंप,
पंपांच्या अलीकडे वीज, विजेच्या अलीकडे
पुरे, साहेब म्हणाले.
नर्मदेच्या अलीकडचं आपल्या खात्यात येत नाही.

पण खरा अवघड गेला तो दुसराच नियम.
जे संपल्याची नोंद नाही, ते चालू आहे.
उघडा वाल्व उघडाच,
भरलेली घागर भरलेलीच,
कुणी काही करेपर्यंत.
हे लिहिलं नाही तर दर मिनिटाला सांगत बसा
की भिंत अजून भिंत आहे
आणि बद्रीलाल अजून बद्रीलाल.

या नियमानं टेंभ्यांकडे आजही तीन माणसं आहेत.
मुलगा ब्रिस्बेनला गेला त्याची नोंद नाही.
टेंभेकाका गेले, त्यांचा दाखला नगर निगमात आहे,
पण पाण्याच्या खात्यात कुणी कळवलं नाही.
मथुताईही तिघांपुरतं भरतात.
विचारलं तर म्हणाल्या,
सवय गं. आणि उरलं तर तुळशीला.

परवा वाल्व अडकला.
पाच-पस्तीस, घागर जागेवर.
पाच-चाळीस. सहा. सव्वासहा.
मी अधाशासारखं टिपून घेतलं:
घागर आहे, नळ नाहीत.
नियम मोडायला एवढं पुरे होतं.

मथुताई पायरीवर बसल्या होत्या,
पदरानं घागरीचा काठ पुसत.
येतील, म्हणाल्या.

आता हे कुठं लिहू?
न आलेल्या पाण्यानं
घागर हलवली, पाच मिनिटं आधी.
बाण उलटा जाऊ देत नाही यंत्र.
म्हणून एक रकाना वाढवला.
स्थिती: भरवसा.
सुरुवात: नोंद नाही.
शेवट:

तेवढ्यात तोटी खोकली.
आधी हवा, मग गढूळ, मग
घागरीचा आवाज बदलत गेला
आणि मी लिहायचं विसरले.