खोडावरचा आकडा

गाठ पहिल्यांदा सापडली ती न्हाव्याला.
आदेरितोनं वस्तरा थांबवला, मानेवर अंगठा टेकवून म्हणाला,
बेल्मिरो, हे वाटाण्याएवढं काय आहे?
मी म्हणालो, म्हातारपण. तू दाढी कर.

दुखत नव्हती.
दुखणाऱ्याशी भांडता तरी येतं.
वाटाण्याचं ऑलिव्ह व्हायला दीड वर्ष लागलं,
मग कुस्तोदियानं माझा रविवारचा सदरा काढला
आणि मला एव्होराच्या बसमध्ये बसवलं.

सुईनं भागणार नव्हतं, अख्खी गाठ काढली.
शुद्धीवर येताच मी विचारलं, आईला धक्का नाही ना लागला?
सर्जनला वाटलं, म्हातारा बरळतोय.
मग सांगितलं त्याला:
बुचाच्या ओकाला साल असते, सालीखाली एक ओला थर,
त्याला आम्ही आई म्हणतो.
कुऱ्हाड तिच्यापर्यंत जायची, तिच्यात नाही.
कानानं कळतं. आवाज पोकळ झाला की हात आवरायचा.
आईला लागलं तर झाड
तो व्रण मरेपर्यंत वागवतं.
तो म्हणाला, मीसुद्धा कानानंच शिकलोय थोडंफार.

अठरा दिवसांनी डॉक्टर फिलोमेनानं कागदावर गोल काढले.
फॉलिक्युलर लिम्फोमा.
हळू वाढणारा, म्हणाली. हळू, असं दोनदा म्हणाली.
कमरेच्या हाडाला भोक पाडून मज्जा घेतली,
साखरेचं काहीतरी टोचून यंत्रात सरकवलं,
आणि चित्रात मी ठिकठिकाणी पेटलेला:
मान, दोन्ही काखा, पोटात खोलवर एक.
तिसरी पायरी.
पायऱ्या एकूण किती, कुस्तोदियानं विचारलं.
चार.

मग कापायचं कधी?
आता काहीच करायचं नाही. बघत राहायचं.
कुस्तोदिया उसळली. काहीच नाही?
हे ऐकायला आम्ही दोन बस बदलून आलो?
डॉक्टरनं शांतपणे सांगितलं:
त्रास नसताना औषध आधी दिलं
म्हणून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही,
मग ते हातचं राखून ठेवलेलं बरं.
मला हे कुस्तोदियाच्या आधी कळलं.
आम्ही झाड नऊ वर्षांनी एकदा सोलतो.
सोललं की उघड्या खोडावर पांढऱ्या रंगानं
त्या सालाचा शेवटचा आकडा लिहितो, आणि निघून जातो.
आठव्या वर्षी कोणी हात लावत नाही,
पोरीचं लग्न असलं तरी.

पण झाडाला कुठे माहीत असतं
की त्याची वाट पाहतायत.
मला माहीत होतं.
रात्री तीनला उठून मी चादर चाचपायचो, घामानं भिजली का?
ऑगस्टात अलेंतेजूमध्ये कुणाची चादर कोरडी असते!
कुस्तोदिया पिठाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर माझं वजन लिहायची,
आणि सूप वाढताना पळीभर जास्त.
दर तीन महिन्यांनी रक्त, मग दर सहा.
लोक विचारायचे, उपचार काय चाललेत?
मी म्हणायचो, वाट. लोक मान हलवायचे,
घरी जाऊन काय म्हणत असतील देव जाणे.

चौथ्या वर्षी पोटातली गाठ मूत्रनळीवर टेकली, पाय सुजला.
आता, डॉक्टर म्हणाली.
रिटुक्सिमॅबच्या पहिल्या बाटलीला मी असा थरथरलो
की नर्सनं धावत येऊन थेंब मंद केले.
चार आठवडे, चार बाटल्या.
गाठी ओसरल्या.
गेली का? गेली नाही, झोपली, डॉक्टर म्हणाली.
या वेळी कुस्तोदियानं वाद घातला नाही.
कॅलेंडर मात्र नवं आणलं.

यंदा शिडीवर मी चढत नाही.
पुतण्याचा दुआर्त सोलतो, मी खाली रंगाचा डबा धरतो.
त्याची कुऱ्हाड अजून घाईत आहे,
मी खालून ओरडतो, ऐक, आधी ऐक.
खोडावर ५ काढला.
पोट जरा मोठं झालं त्याचं, रंग ओघळला.
दुआर्त म्हणाला, काका, पुसून नीट काढा.
राहू दे, म्हटलं.
चौतीस साली वाचता आला की झालं.
कोण वाचेल ते त्यानं विचारलं नाही,
आणि मला गुरुवारी रक्त द्यायला
सकाळची पहिली बस धरायची होती.