जुनं हृदय चालत नाही

बियाण्याच्या बटाट्यांची पावती उलटी करून
मी तिच्यावर तीन रकाने आखलेत.
रात्रपाळीहून आल्यावर खरं तर झोपायचं,
पण झोपेचं आणि माझं
एकोणीस वर्षांत कधी फारसं जमलं नाही.

पहिल्यात अ‍ॅरिझोनाचं कॉलेज.
सहा महिन्यांची एकरकमी फी, जमेल तेवढं उरकून घ्या.
फोनवरचा मुलगा मला क्लॉडिया म्हणतो.
क्लॉडेट, मी दोनदा सांगितलं.
'क्लॉडिया, आज सही केलीत तर अर्जाचे पैसे माफ.'
असं बोलायचा माझा काका, घोडा विकताना,
गिऱ्हाइकानं दात बघायच्या आधी.

दुसऱ्यात लॅपटॉप फुकट.
मान्यता कुणाची, विचारलं,
तर एक व्हिडिओ आला:
हवेत टोप्या उडवणाऱ्या बायका.

तिसरं आमच्याच मेनचं विद्यापीठ, दक्षिणेला पाच तासांवर.
अडीच वर्षं. घाई नाही, सूट नाही.
त्यांनी जुनी गुणपत्रिका मागवली, उत्तर धाडलं:
इंग्रजी चालेल.
मानसशास्त्र चालेल.
शरीररचना दहा वर्षांहून जुनी, चालणार नाही.

मी इतकी हसले की रेनाल्ड उठून आला बघायला.
जुनं हृदय चालत नाही म्हणे!
अरे, कप्पे अजून चारच आहेत.
काल पहाटे वुलेट म्हाताऱ्याच्या छातीला स्टेथो लावून
मी उभी होते बराच वेळ,
खिडकीबाहेर सेंट जॉन नदी गोठत होती,
पलीकडे कॅनडाचे चार दिवे,
आणि ते आत, डावीकडे,
अडखळत का होईना, चालत होतं.

खरं कारण कुठल्याच रकान्यात नाही.

मार्चमध्ये अकरा नंबरच्या खाटेवर एक बाई होती.
तिच्या श्वासाचा वास मला दोन तास आधी कळला,
गोडसर, तळघरात विसरलेल्या पोत्यासारखा.
डॉक्टरांना उठवलं. म्हणाले, आकडे ठीक आहेत ना?
आकडे ठीक होते.
नंतरच्या बैठकीत सगळ्यांनी कागद काढले.
माझ्याकडे फक्त नाक.

माझ्या आईनं शाळेत फ्रेंच शब्द काढला
की फळ्यावर शंभर ओळी, इंग्रजीत.
ठाऊक असणं आणि सांगता येणं
यांच्यामध्ये किती मैल बर्फ असतं
ते आमच्या घराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे,
सांगता मात्र आलेलं नाही.

संख्याशास्त्राला मी भिते.
संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा, त्यालाही.
घरचं इंटरनेट वारा सुटला की जातं,
मग वाचनालयाबाहेर गाडी लावायची,
हीटर चालू, मांडीवर निबंध.
पैशांचं गणित पावतीच्या कडेला केलंय.
जुळत नाही. पुन्हा केलं. थोडं कमी जुळलं नाही.

तिसरीकडच्या बाईंचं नाव बर्निस.
म्हणाल्या, 'शरीररचना पुन्हा करावी लागेल,
त्याला माझ्याकडे इलाज नाही.'
मग जरा थांबून:
'बटाटे काढायचे तीन आठवडे मोकळे ठेवू ना?'
मी काहीच बोलले नव्हते.
पत्ता वाचला असेल त्यांनी, एवढंच.

आज अर्ज उघडला.
तुम्हाला ही पदवी का हवी? तीनशे अक्षरांत.
लिहिलं, अकरा नंबर.
खोडलं.
पगार, लिहिलं. तेही खोटं नाही, राहू दिलं.

शेवटी, नाव तपासून पाहा.
पाहिलं. क्लॉडेट तिबोदो.
टीनंतरचं एच, जे कुणी उच्चारत नाही,
तेही होतं आपल्या जागी.

रेनाल्डनं पडदे ओढले.
साडेपाचचा गजर लावला,
आणि पावती घडी घालून
जुन्या शरीररचनेच्या पुस्तकात ठेवली,
हृदयाचं पान सापडलं नाही, यकृतापाशी.